नापास होणं परवडतं कुणाला?

दहावीचा निकाल लागला की धाराशिव, कळंब, उमरग्याहून लातूरकडे जाणाऱ्या एसटीत गाद्यांच्या वळकट्या, प्लास्टिकच्या बादल्या आणि स्टीलचे डबे दिसू लागतात. पोरगं अकरावीला लातूरला निघालेलं असतं. सोबत वडील असतात. खोली बघायची असते, मेसचं ठरवायचं असतं, क्लासच्या फीचा पहिला हप्ता भरायचा असतो. दोन वर्षांनी नीटचा निकाल येतो. ७२० पैकी जेवढे गुण हवे होते तेवढे पडलेले नसतात आणि मग एकाच खोलीतल्या दोन मुलांच्या वाटा फुटतात. एकाचे वडील म्हणतात, ‘‘काही हरकत नाही, अजून एक वर्ष दे.’’ दुसऱ्याचे वडील काहीच म्हणत नाहीत. पोरगं समजून घेतं, वळकटी बांधतं आणि गावाजवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालतं.

लातूरच्या क्लासेसच्या भाषेत पहिला मुलगा ‘रिपीटर’. त्याच्यासाठी वेगळी बॅच असते, वेगळं वेळापत्रक, वेगळी टेस्ट सिरीज. दुसऱ्यासाठी काहीच नसतं. पहिल्या प्रयत्नात दोघांना सारखेच गुण होते, हे पुढे कुणाच्या लक्षातही राहत नाही. पाच-सहा वर्षांनी गावात एवढंच बोललं जातं की अमक्याचा पोरगा हुशार होता, डॉक्टर झाला.

मूल नेमकं कशानं पुढे जातं, यावर पारावर, लग्नाच्या पंगतीत आणि शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षं वाद चालू आहे. एक पक्ष शाळेचा : इंग्लिश मीडियमला घातलं असतं तर निभावलं असतं. दुसरा पक्ष पैशाचा : ज्याच्या बापाची बागायत त्याचं पोर इंजिनिअर. तिसरा पक्ष डोक्याचा : ज्याच्यात असतं तो झेडपीच्या शाळेतून शिकूनही कलेक्टर होतो. तिन्ही पक्षांकडे आपापली उदाहरणं असतात आणि ती बहुतेक खरीही असतात. म्हणूनच वाद मिटत नाही.

या प्रश्नाचा माग काढायला धाराशिव जिल्हा सोयीचा आहे. इथे मुबलक काहीच नाही, पण नमुने सगळ्याचे सापडतात. नीती आयोगानं जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद. ‘आकांक्षित’ हा मागासलेपणाला दिलेला इस्त्रीचा सदरा, हे जिल्ह्यातल्या लोकांनी लगेच ओळखलं. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांवर लोकसंख्या, त्यातले सहांत पाच लोक खेड्यात, आणि पावसाचा भरवसा नाही. गंमत म्हणजे ज्या लातूरला पोरं आज शिकायला जातात, ते ऑगस्ट १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होतं. तिथल्या राजर्षी शाहू महाविद्यालयानं १९७० मध्ये सुरुवात केली आणि पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जे राज्यभर गाजलं ते श्रीमंतीतून आलेलं नव्हतं. सुट्टीतही वर्ग, सतत सराव परीक्षा, तपासलेला पेपर मुलाच्या हातात परत, आणि चुकलेलं पुन्हा सोडवून घेणं, एवढाच त्याचा सांगाडा होता. त्यावर क्लासेसची बाजारपेठ उभी राहिली ती नंतर.

आधी शाळेचं बघू. ‘खासगी शाळा’ म्हटल्यावर पिवळी बस डोळ्यांपुढे येते, पण महाराष्ट्रातल्या खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत निम्म्या पिढीला शिकवलेली हायस्कुलं खासगीच आहेत. संस्था खासगी, पगार सरकारचा, फी नाममात्र. बापानं ज्या हायस्कुलात मॅट्रिक केलं ते ‘अनुदानित’ असतं आणि नातू ज्या इंग्लिश स्कूलमध्ये टाय लावून जातो ते ‘स्वयंअर्थसहाय्यित’. या दुसऱ्या प्रकाराला २०१२ च्या कायद्यानं दार मोकळं करून दिलं आणि मग तालुक्याच्या गावांत, बाजारपेठेच्या मोठ्या खेड्यांत अशा शाळा निघाल्या. झेडपीच्या शाळेचा पट तिथून घसरायला लागला. मग झेडपीनंही सेमी इंग्रजीचे वर्ग काढले.

या फी घेणाऱ्या शाळांत मुलं जास्त शिकतात का? हा प्रश्न मोजून बघणं अवघड असतं, कारण इंग्लिश स्कूलला मूल घालणारं घर मुळातच निराळं असतं. आई थोडी शिकलेली, घरात वेगळी खोली नसली तरी अभ्यासाला जागा, आणि गृहपाठ झाला का असं विचारणारं कुणीतरी. त्यामुळे त्या शाळेचा निकाल चांगला आला तर श्रेय शाळेचं की घराचं, हे वेगळं काढता येत नाही. शेजारच्या, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात मात्र ते वेगळं काढण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत सरकारी शाळेतल्या मुलांपुढे खासगी शाळेच्या फीची व्हाउचर ठेवली आणि ती चिठ्ठ्या टाकून वाटली. चिठ्ठी निघाली ते मूल खासगी शाळेत गेलं, नाही निघाली ते सरकारीतच राहिलं. घरं दोन्हीकडची सारखी, नशीब तेवढं वेगळं. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक सापडला नाही. हिंदीत खासगीवाली मुलं पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदीचा तास जवळजवळ नव्हताच.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना थोडा थोडा टोचतो. खासगी शाळेनं मूल विशेष हुशार केलं नाही, हे पालकांनी ऐकण्यासारखं. पण तेवढंच शिकवायला तिनं सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्च केला, हे सरकारनं ऐकण्यासारखं. अर्थात तो खर्च कमी होता कारण खासगीत शिक्षकांचे पगार सरकारीच्या मानानं फारच कमी होते. धाराशिवच्या एखाद्या इंग्लिश स्कूलमधल्या बाईंना त्यांचा पगार विचारला, तर तिथलंही गणित वेगळं निघेल असं वाटत नाही.

चांगली झेडपी शाळा म्हणजे काय, हे बघायला परंड्याच्या लोकांना लांब जायला नको. शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पण एका शिक्षकावर अख्खी व्यवस्था तोलता येत नाही, आणि तो बदलून गेला की शाळा पुन्हा होती तिथेच येते हेही गावांना ठाऊक आहे.

आता डोक्याचा पक्ष. बुद्धी मोजून माणसाचं भविष्य सांगण्याचा सगळ्यात मोठा खटाटोप १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञानं बुद्ध्यांकाची चाचणी घेऊन दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुलं निवडली आणि त्यांच्यावर आयुष्यभर नजर ठेवली. मुलं एकंदरीत चांगली निघाली : डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली. पण गाजलं ते दुसरंच. चाचणी देऊन जे निवडीत बसले नाहीत त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. टर्मनच्या निवडलेल्या मुलांपैकी एकालाही ते मिळालं नाही.

बुद्धी नावाची गोष्टच नसते, असं यातून सिद्ध होत नाही. वर्गात काही मुलं चटकन पकडतात, काहींना वेळ लागतो, हे कुठलाही मास्तर सांगेल. प्रश्न इतकाच की जे आपण मोजतो ते नेमकं काय असतं. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डार शाफिर आणि जियाइंग झाओ यांनी ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांना एकाच प्रकारची कोडी दोनदा घातली : एकदा ऊस तुटायच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा बिल मिळाल्यावर. माणूस तोच, पण तोडीआधी तो स्पष्टपणे मागे पडत होता. पैशाच्या विवंचनेत माणसाचं डोकं किती मंदावतं, तर एक अख्खी रात्र जागून काढल्यावर मंदावतं साधारण तेवढं, असा या संशोधकांचा हिशोब होता.

तेरणा आणि मांजरेच्या काठी ऊस लावणाऱ्या माणसाला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. कारखान्याचं बिल थकलेलं असताना बँकेच्या पायऱ्या चढून आलेला बाप आणि तेच बिल खात्यात पडल्यावरचा बाप, हे घरातल्या पोरांनी दोन वेगळी माणसं म्हणूनच पाहिलेले असतात. मोठ्या माणसाचं असं होतं, तर सात वर्षांच्या पोराचं काय होत असेल? अमेरिकेत एरिक टर्कहाइमर यांनी जुळ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, तो २००३ चा, असं दिसलं की सुखवस्तू घरांत मुलामुलांच्या बुद्ध्यांकातला फरक बराचसा जन्मजात असतो, पण गरीब घरांत तो जवळजवळ सगळा परिस्थितीचा असतो. युरोपातल्या अभ्यासांत हे चित्र इतकं ठळक दिसलं नाही. तरी सरळ अर्थ लावायचा तर पोटभर जेवण आणि निवांत घर मिळालेल्या मुलांत कोण हुशार ते कळतं. बाकीच्यांत फक्त कुणाचं कसं चाललंय तेवढं कळतं.

बुद्धिमापनाचा हा धागा फिरून फिरून धाराशिव जिल्ह्यातच येतो. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठी. चाचण्या घेऊन मुलं निवडायची, त्यांना नेतृत्वासाठी घडवायचं, ही त्यामागची कल्पना. तिच्या प्रशालेत प्रवेशासाठी बुद्धिमापन चाचणी द्यावी लागते हे पुण्यातल्या पालकांना तोंडपाठ असतं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात जमीन हादरली. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती, गणपती बुडवून लोक झोपले होते. दगडमातीची जाडजूड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. मदतीला आलेल्या संस्थांत प्रबोधिनी होती. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हराळी गावी तिनं निवासी शाळा काढली, भूकंपग्रस्त गावांतल्या मुलांसाठी. डॉ. स्वर्णलता भिशीकर यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुणे सोडून तिथे राहायला गेल्या. हुशार मुलं वेचून काढणाऱ्या संस्थेला इथे मुलं भूकंपानं वेचून दिली होती.

दुसरी वाट भारतीय जैन संघटनेनं धरली. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली १,२०० मुलं पुण्याला नेली गेली. पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी संकुल उभं राहिलं आणि तिथे त्यांचं शिक्षण झालं. एक संस्था शाळा घेऊन गावाकडे आली, एक मुलं घेऊन शहराकडे गेली. कुठली वाट बरी, यावर वाद घालता येईल. लहान पोराला शंभर कोसांवर नेण्यात काय काय तुटतं, हा प्रश्न खोटा नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. या मुलांकडे पैसा नव्हता, कित्येकांना घर आणि आईबाप उरले नव्हते, त्यांच्या बुद्धीची परीक्षा कुणी घेतली नव्हती. त्यांचं शिक्षण ज्या दिवशी तुटायला हवं होतं, त्या दिवशी कुणीतरी ते तुटू दिलं नाही. बाकी काही त्यांना खास मिळालं नाही.

हिप्परग्याचं उदाहरण त्याहून जुनं. तेही आजच्या लोहारा तालुक्यातलंच गाव. निजामाच्या राज्यात खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. तशात तिथे लोकांनी राष्ट्रीय शाळा चालवली आणि त्या शाळेत शिकवायला आलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. आज ज्याला आपण खासगी शाळा म्हणून नाकं मुरडतो किंवा डोक्यावर घेतो, तिचा या जिल्ह्यातला पहिला नामांकित अवतार हा असा होता : फी जेमतेम, मास्तर फकीर.

मग पैसा? सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दलच आहे. पैशानं चांगली शाळा विकत घेता येते, असं आपण धरून चालतो. आंध्रच्या प्रयोगानं त्या समजुतीला बराच सुरुंग लावला. पैसा प्रत्यक्षात विकत घेतो ती चूक करायची मुभा. नीटचं दुसरं वर्ष. बारावीत गणित राहिलं तर पुरवणी परीक्षेची वाट बघणं. इंजिनिअरिंगला वर्ष वाया गेलं तरी हॉस्टेलचं भाडं चालू राहणं. आजारपणात दोन महिने गेले तर शिकवणी लावणं. श्रीमंताघरचं मूल तीनदा पडून उठतं आणि त्याला आपण जिद्दी म्हणतो. गरिबाघरचं एकदाच पडतं.

रमेश घोलप यांची कहाणी याच अंगानं वाचायला हवी. बार्शी म्हणजे धाराशिवच्या शेजारचाच तालुका. तिथल्या महागावचा हा मुलगा, लहानपणी पोलिओनं डावा पाय अधू झालेला, आईबरोबर बांगड्या विकत गावोगाव फिरलेला. डी.एड. करून २००९ मध्ये शिक्षक झाला. मग त्यानं यूपीएससीची तयारी केली आणि २०१० मध्ये पहिल्या प्रयत्नात अपयश आलं. २०१२ मध्ये तो २८७ व्या क्रमांकानं उत्तीर्ण झाला आणि झारखंड केडरमध्ये आयएएस अधिकारी झाला. भाषणांतून ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि जिद्द होतीच. पण दोन परीक्षांच्या मधली दोन वर्षं तो राहिला कुठे, जेवला काय? राज्य शासनाच्या प्रशासकीय व्यवसाय प्रशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा तो पास झाला होता. वसतिगृह आणि विद्यावेतन तिथून मिळालं. भित्तिपत्रकं रंगवून वरखर्च भागवला. रिपीटरचं वर्ष त्याला बापानं नाही, सरकारनं दिलं.

असे किती रमेश पहिल्याच अपयशानंतर परतीच्या एसटीत बसले, याची मोजदाद कुणाकडे नाही. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी एक मोजदाद केली आहे. बारा लाख संशोधकांची, म्हणजे पेटंट घेणाऱ्यांची, बालपणं त्यांनी तपासली. सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतलं मूल संशोधक होण्याची शक्यता उत्पन्नाच्या खालच्या अर्ध्या गटातल्या मुलापेक्षा दहापट होती. तिसरीच्या गणितात सारखे गुण असलेली मुलं घेतली तरी दरी राहिलीच. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली : लहानपणी ज्यांच्या आसपास संशोधक होते ती मुलं संशोधक होण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे जे मुलानं जवळून पाहिलं, ते त्याला होण्याजोगं वाटलं.

धाराशिवमध्ये मुलींनी जे जवळून पाहिलं ते खो-खो. या खेळाला लागतं काय? दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि उन्हं कलल्यावरची मोकळी जागा. आठ जणी पाठीला पाठ लावल्यासारख्या एकाआड एक दिशेला तोंड करून उकिडव्या बसतात, नववी धावते, आणि पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आला की बसलेलीनं क्षणात झेप घ्यायची. चेंडू नाही, रॅकेट नाही, जाळी नाही. साहित्याचा खर्च इतका कमी असणारा आणि तरीही डोकं व पाय दोन्ही एकाच वेळी मागणारा खेळ क्वचितच सापडेल. याच शहरातली सारिका काळे शाळकरी वयात मैदानावर आली. घरची परिस्थिती अशी की वर्षानुवर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, हे तिनं स्वतःच वृत्तसंस्थेला सांगितलं आहे. शिबिराला गेलं की नीट खायला मिळायचं. २०१६ मध्ये घरच्या ओढाताणीला कंटाळून तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, तिला मैदानावर परत आणलं. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तब्बल २२ वर्षांनी. तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती.

तिच्या मागून आलेल्या मुलींना आता भारताची कर्णधार म्हणजे टीव्हीतली बाई वाटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारतीय महिला जिंकल्या. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

सारिकाला कुठल्या शाळेनं घडवलं, असं कुणी विचारत नाही. पैशानं तर नक्कीच नाही. अंगचे गुण होते, पण तेवढेच गुण असलेली आणखी एखादी मुलगी त्या वर्षी मैदान सोडून गेली असेल आणि तिची समजूत घालायला कुणी आलं नसेल, असं मानायला जागा आहे. फरक पडला तो एका माणसानं, एका ठरावीक वर्षी.

हे सगळं जिथे लागूच पडत नाही, अशीही घरं याच जिल्ह्यात आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम भागातल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम फडाजवळच्या कोप्यांत. सोबत आठ-दहा वर्षांची पोर असेल तर ती धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी टाकते. तिचं वर्ष नापास झाल्यामुळे वाया जात नाही; ती परीक्षेपर्यंत पोचतच नाही. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव असतं. खासगी चांगली की झेडपी, हा वाद तिच्यापुढे घालणं ही थट्टा आहे.

त्यावर उपाय ठाऊक नाही असंही नाही. हंगामी वसतिगृह नावाची योजना आहे. त्यात बहुतेक ठिकाणी इमारत लागतच नाही. मूल गावातच आजी-आजोबांकडे झोपतं, दोन वेळचं जेवण शाळेत मिळतं, वर्ष वाचतं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. अशा योजनांत एकच गोष्ट निर्णायक असते : तारीख. ट्रक हलायच्या आधी चूल पेटली तर मूल थांबतं. मंजुरीचा कागद महिनाभर उशिरा आला तर ते कारखान्यावर पोचलेलं असतं. जिल्ह्यात आणखी चार इंग्लिश स्कूल निघण्यापेक्षा ही तारीख पाळली जाणं कितीतरी महत्त्वाचं आहे.

पैसेवाल्यांच्या शाळेचं दारही पुरतं बंद नाही. शिक्षण हक्क कायद्यानं विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखलेल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं, किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम केला. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये तो रद्द केला. जागा आहेत, त्या जागेवर बसलेल्या पोराच्या गणवेशाचा, सहलीचा आणि बसच्या भाड्याचा प्रश्न मात्र पालकाच्याच खिशात राहतो.

तेव्हा ज्या घरात रिपीटरचं वर्ष परवडणार नाही, त्या घरानं फुकट मिळणाऱ्या संधींच्या तारखा तरी चुकवू नयेत. आठवीतल्या मुलासाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. आईवडिलांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत. पास झालं आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यात येतात. पाचवीतल्या मुलासाठी तुळजापूरचं जवाहर नवोदय विद्यालय आहे : सहावीच्या ८० जागा, किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, राहणं-जेवणं-पुस्तकं सरकारकडून. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्याला फी नाही. झेडपीच्या गुरुजींना किंवा बाईंना विचारलं तर तेच भरून देतात. मात्र सहावीसाठीची ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते, त्यामुळे घरात पाचवीतलं पोर असेल तर शेवटच्या तारखेची चौकशी याच आठवड्यात शाळेत जाऊन करावी.